केव्हा तापते?

मे महिन्यातल्या शनिवारी दुपारी माझ्या गॅरेजपुढे एखादी तरी गाडी वाफ सोडत उभी असतेच. साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्यांना खंबाटकीत बोगदा आहे. पुण्याहून येणाऱ्यांना मात्र वर्षानुवर्षं घाट चढावा लागत आला आहे. तो चढून, घाटातल्या खामजाई देवीला गाडीतूनच हात जोडून, सुरूर फाट्याला वळून माणसं वाईत येतात. पुढे पसरणीचा घाट, मग पाचगणी, महाबळेश्वर. नव्या गाड्यांना यात काहीच वाटत नाही. पण गाडी वीस-पंचवीस वर्षांची असेल, आत पाच माणसं, टपावर सामान, आणि घाटात रांग लागलेली, तर काटा वर सरकायला लागतो.

अशी गाडी आली की मी आधी दोन खुर्च्या बाहेर काढतो. इंजिन बंद करायला लावतो, बोनेट उघडून ठेवतो आणि पोराला चहा आणायला पिटाळतो. गाडीवाल्याला हे अजिबात पटत नाही.

‘‘मिस्त्री, बघा ना काहीतरी.’’

‘‘बघतोय की.’’

‘‘अहो, नुसतंच बघताय!’’

खरोखर नुसतंच बघत असतो. होजवर ओल कुठे आहे, थेंब कुठून पडतोय, पट्टा चकाकतोय का, वास गोडसर येतोय की जळका, एवढं कळायला हात लावावा लागत नाही. आणि इंजिन तापलेलं असताना हात लावून करण्यासारखं काही नसतंच. चौतीस वर्षं या धंद्यात आहे. तापलेल्या गाड्यांवर मी जे पैसे मिळवले, त्यांतले निम्मे गाडी तापली म्हणून मिळाले नाहीत. तापल्यावर माणसांनी जी घाई केली, तिचे मिळाले.

घाईची किंमत मीही मोजलेली आहे. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक फिकट डाग आहे. सतरा वर्षांचा होतो, साताऱ्यात वस्तादांच्या हाताखाली. एक अँबॅसिडर उकळत आली आणि वस्ताद आतून यायच्या आत काहीतरी करून दाखवावं म्हणून मी फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. पुढचं मला आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो.

त्या झाकणाचं काम तेव्हा मला माहीत नव्हतं. पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेत शिकलो होतो, पण ते उघड्या भांड्यातलं. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं असतं. आत दाब धरून ठेवतं आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. ज्या झाकणावर ०.९ असं छापलेलं असतं, त्याच्या आत साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे काटा लालमध्ये असताना आतलं पाणी शंभराच्या वर असतं आणि केवळ दाबामुळे पाणी म्हणून राहिलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. ती जागा माझ्या हाताच्या दिशेने होती.

पंधरा दिवसांनी पट्टी बांधूनच कामावर गेलो. वस्ताद ओरडले नाहीत. म्हणाले, ‘‘गाडीवाल्याला काय विचारलंस?’’

काहीच विचारलं नव्हतं.

‘‘केव्हा तापते, हे विचारायचं असतं लेका. का तापते ते त्याला ठाऊक नसतं, पण केव्हा तापते ते तो सांगतोच.’’

माझं सगळं शिक्षण या एका प्रश्नात आहे. पुढे कितीतरी यंत्रं आली, स्कॅनर आले, पण जुन्या गाडीला स्कॅनर जोडायला जागाच नसते. तिथे प्रश्नच चालतो. उभी असताना तापते की पळताना? घाटात की सपाटीवर? सकाळी चालू केल्या केल्या की तासाभराने? ए.सी. लावल्यावर? पाणी घालावं लागतं का, आणि किती दिवसांनी? पाणी कमी होत नाही आणि तरी तापते, की कमी होतं म्हणून तापते?

या प्रश्नांमागचं गणित साधं आहे. तुम्ही टाकीत जे पेट्रोल भरता, त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकं फिरवायला लागतो. बराचसा सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जातो आणि साधारण तिसरा हिस्सा इंजिनाच्या अंगात उष्णता होऊन उरतो. सिलिंडरमध्ये भडका उडतो तेव्हा तिथे क्षणभर दोन हजार अंशांच्या वर तापमान जातं. ज्या ॲल्युमिनियमचं हेड बनलेलं असतं, ते ६६० अंशांना वितळतं. तरी ते वितळत नाही, कारण भिंतीपलीकडून पाणी फिरत असतं. वॉटर पंप पाणी ढकलतो, ब्लॉकमधून हेडमध्ये, तिथून वरच्या होजने रेडिएटरमध्ये; रेडिएटरच्या नळ्यांतून उतरताना वारा त्याची उष्णता घेतो आणि खालच्या होजने ते पुन्हा पंपाकडे येतं. यात दोन गोष्टी फिरायला हव्यात, पाणी आणि वारा. गाडी कुठे बिघडली आहे हे शोधायचं म्हणजे यातलं काय फिरत नाही ते शोधायचं.

गाडी पळताना थंड आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, असं असेल तर पाणी फिरतंय, वारा फिरत नाही. पळताना वारा आपोआप येतो, उभं राहिल्यावर पंख्यावर मदार असते. पद्मिनी, अँबॅसिडर यांचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर. पट्टा सैल झाला की पंखाही सुस्त आणि पंपही. पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघायचं, अर्ध्या इंचाहून जास्त दबायला नको. मारुती ८०० पासून पुढे पंखा विजेवर गेला. पाणी ठरावीक गरम झालं की स्विच लागतो आणि पंखा गरगरतो. तो स्विच, फ्यूज, रिले, पंख्याची मोटर, या चारांतलं एक काहीतरी गेलेलं असतं. पंख्याला बॅटरीवरून सरळ दोन वायरी लावल्या की मोटर जिवंत आहे का ते एका मिनिटात कळतं. एकदा एक गाडी आली, पंखा झकास फिरत होता आणि तरी तापत होती. मी रेडिएटरच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा कागद धरला. तो चिकटायला हवा होता, उडून गेला. कुणीतरी वायरी उलट जोडल्या होत्या. पंखा आत ओढायच्या ऐवजी बाहेर फुंकत होता. पळताना समोरून येणारा वारा आणि आतून येणारा वारा एकमेकांशी भांडत बसायचे.

याच्या उलट, गावात ठीक आणि हायवेला किंवा चढावर तापते, असं असेल तर संशय पाण्यावर. पाणी फिरतंय पण पुरेसं नाही. रेडिएटर आतून बुजलेला असेल, पंपाची पाती गंजून झिजलेली असतील, किंवा बाहेरून जाळीत चिखल, किडे, उसाचं पाचट अडकलेलं असेल. आमच्या भागात कारखाने सुरू झाले की रस्त्यावर पाचट उडतं आणि रेडिएटरला जाऊन चिकटतं. हे काढायला लागतो फक्त एक मऊ ब्रश आणि आतून बाहेर मारलेलं पाणी. हौशी मालकांनी पुढे लावलेले जास्तीचे दिवे, देवाच्या नावाच्या पाट्या, हेही वारा अडवतात. देवाला यातलं काही म्हणायचं नसतं, पण मालकाला सांगताना मला शब्द जपून वापरावे लागतात.

आणि तिसरा प्रकार, ज्यात माझा चेहरा लांब होतो. सकाळी थंड गाडी चालू केली, अजून काटा हललाही नाही, आणि मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक. थंड पाण्यात दाब आला कुठून? सिलिंडरमधून. म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलं. त्याचं पुढे सांगतो.

वस्तादांचा प्रश्न किती खोल जातो हे मला एका पद्मिनीने शिकवलं. वाईतल्याच एका निवृत्त गुरुजींची गाडी, १९८५ ची, दुधी रंगाची. गुरुजींची मुलगी पाचगणीला शाळेत शिकवायची आणि दर रविवारी गुरुजी आणि बाई डबा घेऊन तिच्याकडे जायचे. दर रविवारी पसरणी घाटात, शेवटच्या दोन वळणांच्या आधी गाडी उकळायची. वर्षभरात दोन-तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. रेडिएटर उघडून साफ केला होता, वॉटर पंप नवा टाकला होता, पट्टा नवा, झाकण नवं. एकाने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला होता. मग गुरुजींनीच उपाय काढला होता, डिकीत पाच लिटरचे दोन कॅन.

माझ्याकडे आली तेव्हा मी गाडी दारात चालू करून ठेवली. वीस मिनिटं, अर्धा तास. काटा मधल्या रेघेवर, हलायचं नाव नाही. बाजारातून फिरवून आणली. काही नाही. गुरुजी म्हणाले, ‘‘ही तुमच्यासमोर अगदी शहाण्यासारखी वागते. वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखी.’’

मग त्यांच्याबरोबर घाट चढलो. बाई मागे डबा मांडीवर घेऊन, मी पुढे काट्याकडे बघत. गुरुजी चढाला दुसऱ्यात गाडी टाकायचे आणि इंजिन चांगलं घुमवत न्यायचे. काटा अर्ध्या घाटापर्यंत गप्प, आणि मग सरसर. वाफ यायच्या आधी थांबवली. थांबून बोनेट उघडलं तर सगळं जागच्या जागी. होज गोल, पट्टा ताठ, पाणी भरलेलं. मी गुरुजींना म्हटलं, जरा ॲक्सिलरेटर दाबा, चढावर दाबता तसा. त्यांनी दाबला आणि मी वाकून खाली बघितलं. रेडिएटरच्या बुडापासून पंपाकडे येणारा खालचा होज माझ्या डोळ्यांदेखत चपटा झाला. पाय काढला, पुन्हा गोल. दाबला, चपटा.

खालचा होज ही पंपाची ओढायची बाजू. इंजिन जोरात फिरलं की पंप जोरात ओढतो, आणि रबर जुनं, गरम होऊन मऊ झालेलं असेल तर मऊ नळी चोखावी तसं ते आत दबतं. पाण्याची वाट बंद. म्हणून त्या होजच्या आत तारेची स्प्रिंग असते. गुरुजींच्या होजमधली स्प्रिंग गंजून कधीच विरून गेली होती. नवा पंप टाकल्यावर तर दुखणं वाढलंच होतं, कारण नवा पंप जास्त जोराने ओढत होता. पाय काढला की होज पुन्हा गोल, मग गॅरेजच्या दारात तो कुणाला दिसणार? वर्षभर सगळ्यांनी गाडीला विचारलं होतं. गुरुजींना कुणी विचारलं नव्हतं की गाडी कोणत्या गिअरमध्ये, किती घुमवल्यावर तापते.

होज एकशे दहा रुपयांचा आणला. स्प्रिंग मिळाली नाही. जाड तार पाइपावर गुंडाळून वस्ताद करायचे तशी घरीच केली. आणि नवा थर्मोस्टॅट बसवला.

थर्मोस्टॅटबद्दल मला दोन शब्द रागाने लिहायचे आहेत. आपल्याकडे अशी पक्की समजूत आहे की हे थंड देशातलं सामान आहे, आपल्या हवेत त्याची गरज नाही, काढून टाका, गाडी थंड राहील. थर्मोस्टॅट म्हणजे पितळेची डबी, तिच्यात मेण. पाणी ८२ अंशांच्या आसपास गेलं (काही गाड्यांत ८८) की मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. ते काढलं तर इंजिन कायम कोमट राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, रिंग झिजतात, ॲव्हरेज पडतं. शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन दारं असतात. रेडिएटरचं उघडलं की आतल्या आत फिरण्याची वाट बंद होते. थर्मोस्टॅटच नसेल तर ती आडवाट कायम उघडी राहते, बरंच पाणी रेडिएटरला न भेटताच परत येतं आणि थंड राहावी म्हणून काढलेल्या वस्तूमुळे गाडी तापते. अडकलेला थर्मोस्टॅट ओळखायला पातेलंभर पाणी आणि गॅसची शेगडी पुरते. पाण्यात टाका, तापवा, उघडतो का बघा. नाही उघडला तर नवा घ्या. मी हे माझ्या घरातल्या चहाच्या पातेल्यात केलं होतं आणि ते पातेलं आता गॅरेजलाच असतं.

पाण्याचंही असंच. ‘‘पाणी घातलंय, भरपूर घातलंय,’’ असं लोक अभिमानाने सांगतात. कुठलं घातलं? बोअरचं. ज्याच्या घरी पाण्याचा बंब होता, त्याने बंबाच्या आतला पांढरा, चुनखडीचा थर पाहिला असेल. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत तोच थर धरतो. नळीची वाट अरुंद होते आणि भिंतीवर जणू गोधडी पांघरली जाते, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. माण-खटावकडच्या गाड्यांचे रेडिएटर मी उघडले की आतून पांढरं पीठ निघतं. त्यापेक्षा पावसाचं गाळलेलं पाणी बरं, आणि बाटलीतलं डिस्टिल्ड सगळ्यांत बरं. निम्मं डिस्टिल्ड आणि निम्मं कूलंट घातलं तर गंज धरत नाही आणि उकळायचं तापमानही आणखी वर जातं. हिरवं, लाल, निळं, रंगावर जाऊ नका; डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. आणि सांडलेलं कूलंट लगेच पाणी मारून धुवा. त्याची चव गोड असते आणि ते विष आहे. कुत्री ते चाटतात.

जुन्या गाडीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा. तो बुजला तर साताऱ्याला एका रेडिएटरवाल्याकडे जायचा. तो वरची पितळी टाकी दिव्याने तापवून, डाग सोडवून वेगळी करायचा, मग चपट्या पोलादी पट्टीने एकेक नळी आरपार साफ करायचा. पुन्हा टाकी डागायची, तोंडं बंद करून हवा भरायची आणि हौदात बुडवून बुडबुडे बघायचे. एका रेडिएटरला दिवस जायचा. मी तिथे बसून राहायचो, कारण ते बघत राहावं असं काम होतं. आताच्या रेडिएटरना ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी. ते उघडतच नाहीत. गळायला लागले की फेका, नवा आणा. त्या माणसाच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

घाटात अडकलेल्या ड्रायव्हर लोकांचे उपाय वेगळेच. रेडिएटरला बारीक छिद्र असेल तर हळद घालायची. मूठभर हळद पाण्याबरोबर फिरते, छिद्रापाशी जाऊन बसते आणि गळती थांबते. मी स्वतः पाहिलंय, थांबते. त्यानंतर सगळी हळद नळ्यांत बसते तेही पाहिलंय. जवळच्या गॅरेजपर्यंत जायला ठीक. दुसरा उपाय पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचा. तो या दुखण्याचा नाही. पद्मिनीत इंजिनाला चिकटून असलेल्या पंपात उन्हाने पेट्रोलची वाफ होते, गाडी धक्के खाऊन बंद पडते, काटा मात्र जागेवर असतो. लोक म्हणतात गाडी तापली. तापलं असतं पेट्रोल.

आता हेड गॅस्केट.

सात-आठ वर्षांपूर्वी एक मारुती ८०० लग्नाहून परतत होती. खंबाटकी चढताना काटा लालला गेला. मालक शहाणा, गाडी बाजूला घ्यायला जागा शोधू लागला. तेवढ्यात काटा हळूहळू खाली आला, अगदी थंडच्या रेघेपर्यंत. मालकाने निःश्वास सोडला, बायकोला म्हणाला, झाली थंड. आणि निघाला. वेळे गावाच्या पुढे कुठेतरी इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं. टो करून माझ्याकडे आणली तेव्हा क्रँक फिरत नव्हता.

काटा खाली का आला? काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. होज फाटून सगळं पाणी गेलं होतं. सेन्सर कोरडा पडला, त्याला गरम पाणी लागेना, म्हणून काटा उतरला. इंजिन तेव्हा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं होतं. वर गेलेल्या काट्यापेक्षा, काही कारण नसताना एकदम खाली आलेल्या काट्याला मी जास्त भितो. तुम्हीही भ्या.

अशा तापण्याने हेड वाकतं. बहुतेक जुन्या गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं. चाळीस सेंटिमीटर लांबीचं हेड धरलं, तर शंभर अंश तापल्यावर ते बिडापेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त वाढू बघतं, आणि बोल्ट त्याला वाढू देत नाहीत. नेहमीच्या तापमानाला हे ठरवून केलेलं असतं, गॅस्केट तेवढं सांभाळून घेतं. त्याच्या पलीकडे गेलं की हेड कमान टाकतं आणि गॅस्केट जातं. हेडची सपाटी बघायला त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज सरकवतात. ०.०५ मिलिमीटरचं पान आत गेलं की फेसिंग करायला, म्हणजे हेड घासून सपाट करायला हवं. डोक्याचा केस याहून जाड असतो.

गॅस्केट गेलं हे ओळखायच्या खुणा आहेत. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाचा चहा सांडल्यासारखा फेस. रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडून गाडी चालू केली तर पाण्यात येणारे बुडबुडे. खात्री करायची तर निळ्या रंगाचं एक रसायन मिळतं. रेडिएटरच्या तोंडाशी त्यातून हवा ओढायची. धुराचा वायू पाण्यात मिसळत असेल तर ते पिवळं होतं. यातली एकच खूण दिसली म्हणून हेड उतरवू नये. थंडीच्या सकाळी सगळ्याच गाड्या पांढरा धूर सोडतात, आणि गाडी रोज दोनच किलोमीटर चालत असेल तर झाकणाखाली फेस येतोच.

माझं स्वतःचं गॅरेज काढून वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी एका व्हॅनचं गॅस्केट बदललं. गिऱ्हाईकाला संध्याकाळी गाडी हवी होती. हेड दिसायला सपाट दिसलं, पट्टी लावली नाही, लेथवाल्याकडे पाठवलं नाही. नवं गॅस्केट टाकून, बोल्ट आवळून, संध्याकाळी सहाला किल्ली हातात दिली. आठव्या दिवशी व्हॅन परत आली. मालक काही बोलला नाही, किल्ली टेबलावर ठेवली आणि बसून राहिला. ते सगळं काम मी पुन्हा, फेसिंग करून, माझ्या पैशाने केलं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, गोगलगाईच्या शंखासारखे फिरत, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळायचे, हे मला आधीही माहीत होतं. माहीत असणं आणि संध्याकाळचे सहा वाजलेले असणं, यांत फरक आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. कूलिंगचं सगळं ठीक असूनही गाडी तापू शकते. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल तर पेट्रोल उशिरा जळतं आणि उष्णता सिलिंडरच्या भिंतींना आणि एक्झॉस्टला जाते. ब्रेक चिकटत असेल, क्लच घसरत असेल, सायलेन्सर आतून तुंबला असेल, तर इंजिनाला तेवढंच अंतर जायला जास्त राबावं लागतं. रेडिएटर दोनदा बदललेल्या एका अँबॅसिडरचं मागचं चाक मी जॅकवर चढवून हाताने फिरवलं, तर फिरेना. ब्रेक ड्रम इतका तापला होता की त्यावर पाण्याचा थेंब नाचला.

जुन्या गाड्या आता कमी झाल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्या दिवशी मला दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आले. वाईत अजून तीन पद्मिनी चालू आहेत. त्यांतली एक गुरुजींची. गुरुजी आता चालवत नाहीत, नातू चालवतो. त्यालाही पहिल्या दिवशी मी खालचा होज दाखवला.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कुठल्यातरी घाटाकडे निघणार असाल आणि गाडीला पंधरा-वीस वर्षं झाली असतील, तर निघायच्या सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून पाणी काठापर्यंत आहे का बघा. दोन्ही होज दाबून बघा. पापडासारखे कुरकुरले किंवा चिखलासारखे दबले तर बदला. वाटेत काटा चढलाच तर ए.सी. बंद करा, हीटर असेल तर तो पूर्ण चालू करा. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. तुम्हाला घाम येईल, इंजिनाला उसंत मिळेल. तरी चढला तर सुरक्षित जागी थांबा, बंद करा, बोनेट उघडा. त्यानंतर अर्धा तास झाकणाला हात लावू नका, आणि गार पाणी तर वरून मुळीच ओतू नका, हेडला तडा जातो. गॅरेज फक्त तीन किलोमीटरवर आहे असं कुणी सांगितलं तरी चालवत येऊ नका. फोन करा, आम्ही येतो. आल्यावर पहिला प्रश्न काय विचारणार, ते तुम्हाला माहीत आहेच. उत्तर तयार ठेवा.